गाडी खरंच किती देते?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न इंधनाच्या हिशोबाचे आहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ॲव्हरेज काढण्यासाठी मी मोजून दहा लिटर पेट्रोल भरतो आणि काटा पुन्हा आधीच्या खुणेवर येईपर्यंत किती किलोमीटर झाले ते पाहतो. कधी पंधरा येतं, कधी एकवीस. बिघाड गाडीत आहे की माझ्या पद्धतीत?

उत्तर : पद्धतीत. इंधनाचा काटा अंदाज देण्यासाठी असतो, मोजण्यासाठी नाही. तो टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटवर चालतो. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, गाडी जराशा चढावर उभी असली की फ्लोटची जागा बदलते आणि काटा सारखा नाचू नये म्हणून त्याची हालचाल मुद्दाम संथ ठेवलेली असते. काटा त्याच खुणेवर आला तरी टाकीत दोन लिटर कमी-जास्त असू शकतात. दहा लिटरांत दोन लिटरांची चूक म्हणजे सगळा हिशोबच गेला.

टाकीची एकच पातळी पुन्हा पुन्हा जवळपास तशीच गाठता येते, ती म्हणजे फुल. म्हणून फुल ते फुल मोजा. पंपावर गाडी सपाट जागी उभी करा, नॉझल पूर्ण आत घालायला सांगा आणि पहिल्यांदा कट झालं, म्हणजे नॉझल आपोआप बंद पडलं, की भरणं थांबवा. तिथे ओडोमीटरचं रीडिंग लिहा, ट्रिप मीटर शून्य करा. या पहिल्या भरण्यातले लिटर हिशोबात येत नाहीत, ही फक्त सुरुवातीची रेघ. मग नेहमीसारखी गाडी चालवा आणि टाकी पाव राहिली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडीचं तोंड त्याच दिशेला ठेवून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. या वेळी जितके लिटर बसले, तितके तुम्ही जाळले. लिटरचा आकडा मशीनवरून दोन दशांश स्थळांपर्यंत उतरवून घ्या.

मध्ये अर्धवट इंधन भरलं तर बिघडत नाही, फक्त ते लिटर बेरजेत धरायला विसरू नका. समजा, फुल केली तेव्हा ओडोमीटर 24,310 होता. 24,560 ला दहा लिटर टाकले, टाकी फुल केली नाही. 24,985 ला फुल केली, 27.84 लिटर बसले. अंतर 675 किलोमीटर, इंधन 37.84 लिटर, म्हणजे लिटरला 17.84 किलोमीटर. मधल्या दहा लिटरांची नोंद हरवली असेल तर तो टप्पा सोडून द्या आणि पुढच्या फुलपासून नव्याने सुरू करा. आठवून अंदाजाने आकडा घालू नका.

आता चूक किती राहते ते पाहा. 'फुल' दर वेळी अगदी एकसारखं होत नाही. दोन्ही टोकांची मिळून एका लिटरची चूक धरा. गाडी खरी 18 देते असं समजू. दहा लिटरांच्या हिशोबात ती 16.4 दिसेल किंवा 20. चाळीस लिटरांवर 17.6 ते 18.5. आणि ओळीने पाच टाक्या, म्हणजे दोनशे लिटर एकत्र धरले तर 17.9 ते 18.1. मधल्या फुलमधल्या चुका एकमेकींत जिरतात, कारण एका वेळी कमी बसलेलं पुढच्या वेळी जास्त बसतं. राहते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुलची चूक. म्हणून एका टाकीच्या आकड्यावर भांडू नका, पाच टाक्या होऊ द्या.

प्रश्न : कट झाल्यावरही पंपावर आणखी लिटर-दीड लिटर बसतं. अगदी काठोकाठ भरली तर मोजणी जास्त अचूक होणार नाही का?

उत्तर : नाही. कटनंतर किती बसतं ते भरणाऱ्याच्या धीरावर आणि आत अडकलेल्या हवेवर अवलंबून असतं, त्यामुळे चूक वाढते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वरची मोकळी जागा इंधन तापून फुगतं त्यासाठी ठेवलेली असते. पेट्रोल गाडीत तिथली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरकडे, म्हणजे वाफ शोषून घेणाऱ्या डब्याकडे जाते. काठोकाठ भरलं की वाफेऐवजी पातळ पेट्रोलच तिकडे शिरतं आणि कॅनिस्टर निकामी होतो. मग गाडी भरल्यावर लगेच सुरू व्हायला त्रास देते, आयडलिंग बिघडतं. रक्कम राउंड फिगर करण्यासाठी थोडं थोडं टाकण्याचा आग्रह तर साफ नाकारा. डिझेलला फेस येतो आणि कट लवकर होतो, म्हणून डिझेल गाडीत मध्यम वेगानेच भरायला सांगा. दर वेळी त्याच वेगाने.

प्रश्न : डॅशबोर्डवर 19.6 दिसतं, फुल ते फुल काढलं तर 18.2 येतं. कंपनीने आकडा फुगवलाय का?

उत्तर : डॅशबोर्ड टाकीतलं इंधन मोजत नाही. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोट्या, किती वेळ उघडे राहिले यावरून कॉम्प्युटर खर्च काढतो. प्रत्यक्ष इंजेक्टरमधून थोडं जास्त जात असेल, तर आकडा गोड दिसतो. काही टक्क्यांचा फरक सर्रास असतो. पण तो बराचसा स्थिर असतो, आणि तेच उपयोगी आहे. फुल करतानाच डॅशबोर्डचं ॲव्हरेजही रीसेट करा, तीन-चार टाक्या दोन्ही आकडे लिहा आणि भागाकार करा. तुमच्या गाडीत 18.2 भागिले 19.6, म्हणजे 0.93. यापुढे डॅशबोर्डच्या आकड्याला 0.93 ने गुणलं की एखाद्या छोट्या प्रवासाचंही बऱ्यापैकी खरं ॲव्हरेज कळेल, जे टाकीच्या पद्धतीने कधीच कळत नाही.

एक लक्षात ठेवा. किलोमीटर दोन्ही हिशोबांत त्याच गाडीचे असतात. ओडोमीटर चुकत असेल तर दोन्ही आकडे सारखेच चुकतील आणि या भागाकारात ते दिसणार नाही.

प्रश्न : बाबा प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज वहीत लिहितात आणि शेवटी सगळ्या आकड्यांची सरासरी काढतात. मी एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागते. माझा आकडा नेहमी थोडा कमी येतो. बरोबर कोण?

उत्तर : तुम्ही. हायवेवर 300 किलोमीटर 20 च्या ॲव्हरेजने गेले, 15 लिटर लागले. शहरात 300 किलोमीटर 12 च्या ॲव्हरेजने, 25 लिटर लागले. बाबांच्या रीतीने सरासरी 16. प्रत्यक्षात 600 किलोमीटरला 40 लिटर, म्हणजे 15. बाबांची वही मात्र टाकू नका. प्रत्येक टाकीचे किलोमीटर आणि लिटर त्यात असतील तर सगळ्या वर्षांचा खरा आकडा आजही काढता येईल.

यालाच जोडून आणखी एक. बचत मोजायची असेल तर 'शंभर किलोमीटरला किती लिटर' हा हिशोब जास्त प्रामाणिक आहे. 10 देणारी गाडी 12 देऊ लागली तर हजार किलोमीटरमागे जवळजवळ 17 लिटर वाचतात. 20 ची 24 झाली तर 8 लिटरच, जरी दुसऱ्या ठिकाणी आकडा दुप्पट वाढलेला दिसतो.

प्रश्न : 185/65 आर 15 काढून 195/65 आर 15 टायर घातले. ॲव्हरेज लगेच घसरलं. टायर परत बदलू?

उत्तर : आधी ओडोमीटर तपासा. जुन्या टायरचा व्यास साधारण 621 मिलिमीटर, नव्याचा 634. चाक एका फेऱ्यात सुमारे दोन टक्के जास्त अंतर कापतं, पण ओडोमीटर फेरेच मोजतो, त्यामुळे तो कमी किलोमीटर दाखवतो. म्हणजे दोन टक्के घसरण निव्वळ कागदावरची आहे. झिजलेल्या टायरवर उलटं होतं. ओडोमीटर थोडे जास्त किलोमीटर दाखवतो, म्हणून नवे टायर घातले की, मापाला तेच असले तरी, ॲव्हरेज किंचित पडल्यासारखं वाटतं.

तपासण्यासाठी मोकळ्या आभाळाखालच्या रस्त्यावर किमान 50, जमल्यास 100 किलोमीटर जीपीएसचं अंतर नोंदवा. बोगदे आणि दाट जंगल टाळा. जीपीएसवर 100 आणि गाडीत 98 दिसले तर तुमच्या ॲव्हरेजला 1.02 ने गुणा. स्पीडोमीटरवरून मात्र ओडोमीटरची परीक्षा करू नका. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही अशा बेताने मुद्दाम जास्त दाखवायला लावलेला असतो. हे सगळं करूनही घसरण उरली तर ती नव्या टायरच्या रोलिंग रेझिस्टन्सची (टायर फिरताना होणाऱ्या विरोधाची), रुंदीची किंवा कमी हवेची.

प्रश्न : पहाटे इंधन भरलं तर थंड असल्याने जास्त मिळतं, हे खरं का?

उत्तर : पेट्रोल दहा अंशांनी तापलं की सुमारे एक टक्का फुगतं, एवढं खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान पहाट आणि दुपारमध्ये फारसं हलत नाही. हातात काही पडत नाही.

प्रश्न : सीएनजीच्या गाडीला हीच पद्धत चालेल का?

उत्तर : चालेल, पण जास्त धीर लागेल. सिलिंडर 'फुल' होणं पंपाच्या प्रेशरवर आणि गॅसच्या तापमानावर ठरतं. भराभर भरताना गॅस तापतो, प्रेशर आधीच 200 बारला (बार हे दाबाचं एकक) पोहोचतं आणि किलो कमी बसतात. म्हणून आठ-दहा भरण्यांची बेरीज करा. गाडी सुरू होताना आणि गरम होईपर्यंत पेट्रोलवर चालत असेल तर त्या पेट्रोलचा हिशोबही ठेवा. छोट्या फेऱ्यांत ते बरंच असतं आणि ते सोडलं की सीएनजीचा आकडा उगाच छान दिसतो. किलो आणि लिटर थेट ताडून पाहू नका. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते.

प्रश्न : पेट्रोलमध्ये टाकायचं एक औषध वापरलं. एका टाकीत ॲव्हरेज 16.8 वरून 18.3 झालं. उपयोग झाला असं म्हणता येईल?

उत्तर : एका टाकीवरून नाही. तीस लिटरांच्या टाकीत फुल करण्यातली चूकच तीन टक्क्यांच्या आसपास जाते, उरलेला फरक एका लांबच्या प्रवासाने सहज पडतो. चार टाक्या औषधाशिवाय, चार औषधासह, पुन्हा चार औषधाशिवाय, अशी मोजणी करा. रस्ता तोच, टायरमधली हवा तीच, पेट्रोलही त्याच प्रकारचं. इथेनॉलचं प्रमाण बदललं तरी आकडा हलतो, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. तिसऱ्या टप्प्यात औषध बंद करूनही 18.3 टिकलं तर वाढ बहुधा औषधाची नव्हती.

प्रश्न : पाच टाक्या नीट मोजल्या. पूर्वी 17.5 देणारी गाडी आता खरोखरच 15 देते. कुठून सुरुवात करू?

उत्तर : हवेपासून. सकाळी थंड टायरमध्ये मोजा, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडा. मग ब्रेक : फारसा ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच चाक इतरांहून स्पष्ट गरम लागलं तर तिथे ब्रेक चिकटतोय. तिसरं, इंजिनचं तापमान. पूर्वी काही मिनिटांत मध्यावर येणारा काटा आता बराच वेळ खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रोखणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय. इंजिन थंड राहतं, म्हणून कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहतो. त्यानंतर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर, तो स्कॅनरवर तपासून घ्या. एअर फिल्टर बदलायला हरकत नाही, पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्याने फार फरक पडत नाही, तुंबला तर पिकअप कमी होतो. डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर रीजनरेशन, म्हणजे ती साचलेली काजळी जाळणं, किती वेळा होतंय ते विचारा. काही शे किलोमीटरवर व्हायचं ते दर शंभराला होऊ लागलं असेल, तर जास्तीचं डिझेल तिथे जळतंय.