हॉटेलने गाडी नदीपात्रात लावली, भरपाई कोण देणार?

प्रश्न : लग्नासाठी जुलैमध्ये सोलापूरहून पुण्यात आलो होतो. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आता हॉटेल आहे, तिथे दोन रात्री उतरलो. बोळात गाडी जात नाही म्हणून हॉटेलच्या माणसाने कोपऱ्यावरच किल्ली घेतली, चिठ्ठी दिली आणि गाडी नदीपात्रातल्या रस्त्यावर नेऊन लावली. पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. हॉटेलवाले म्हणतात, चिठ्ठीवर ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलंय, पार्किंग फुकट होतं, आणि पूर ही दैवी आपत्ती. शिवाय वाडा ‘पेशवेकालीन’ असल्याची जाहिरातही खोटी निघाली. दोन्हीसाठी दावा करू का?

उत्तर : गाडीसाठी जरूर करा. किल्ली त्यांनी घेतली, तेव्हाच गाडीचा ताबा त्यांच्याकडे गेला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यांनी घ्यायला हवी होती. आता मला सांगा, पेठेत धंदा करणारा कोणता शहाणा माणूस भर पावसाळ्यात स्वतःची गाडी रात्रभर पात्रात ठेवेल? भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी पुणेकरांना नवी नाही. किती क्युसेक पाणी सोडणार, हे पाटबंधारे खातं जाहीर करतं; पात्रातल्या गाड्या काढा, असंही सांगितलं जातं. त्या दिवशीच्या बातम्या आणि सूचना आजच जमवा, म्हणजे दैवी आपत्तीचा मुद्दा फार टिकणार नाही.

चिठ्ठीवरच्या छापील ओळीचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ‘ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स’ या खटल्यात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलंय. दिल्लीत १९९८ साली हॉटेलच्या माणसाने लावलेली मारुती झेन चोरीला गेली होती. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा चिठ्ठीने झटकता येत नाही, आणि योग्य काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचं, असं न्यायालय म्हणालं. ‘पार्किंग फुकट’ हा बचावही लंगडा आहे. ती सोय खोलीच्या भाड्यातच धरलेली असते.

तुमची बाजू एका ठिकाणी मात्र कच्ची पडू शकते. गाडी पात्रात लावतोय, हे तुम्हाला सांगितलं होतं का? सांगितलं असेल आणि तुम्ही मान डोलावली असेल, तर तुमच्या वकिलापासून ते लपवू नका.

आता विमा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असेल तर तिकडून काही मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी असेल तर अजून कळवलं नसल्यास आजच कळवा. पाणी शिरल्यावर कुणी गाडी सुरू करून पाहिली असेल, तर इंजिनाच्या नुकसानीवर कंपनी बोट ठेवते, आणि ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर ते पैसे अडकतात. तो उद्योग हॉटेलच्या माणसाने केला असेल, तर तीही रक्कम हॉटेलकडे मागा. घसाऱ्यापोटी कंपनी कापेल ती रक्कमही मागा. हॉटेलने थोडे पैसे पुढे करून ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून मागितलं, तर सही करू नका. भरपाई दिल्यावर हॉटेलकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीला मिळतो. तुम्ही आधीच तो सोडून दिलात तर कंपनी तुमच्यावरच उलटेल.

पेशव्यांना यातून वगळा. पेशवाई १८१८ साली संपली, तरी नंतरच्या वाड्यांनाही पुण्यात सर्रास तेच बिरुद लावतात. फसव्या जाहिरातीची तक्रार कायद्यात बसते, पण बांधकामाचं साल सिद्ध करण्यात गाडीचा मुद्दा मागे पडेल.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि तीत सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा. ते काही दिवसांत पुसलं जातं. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. त्यासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापुरातच तक्रार दाखल करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि इथे किंमत म्हणजे खोलीचं बिल, गाडीची नव्हे. मुदत घटनेपासून दोन वर्षं.