हप्ता एकीचा, घर दोघींचं?

पत्र: मी बडोद्यात मांजलपूरला राहणारी शिक्षिका. बालमैत्रिणीबरोबर गोत्रीत 36 लाखांचा टू बीएचके घेऊन भाड्यानं द्यायचं ठरतंय. दोघींचे आठ-आठ लाख. उरलेलं 20 लाखांचं कर्ज माझ्या एकटीच्या नावावर, कारण तिचं बुटीक आहे आणि रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दिसतं. दस्तावेजात दोघींची नावं, हप्ता अर्धा-अर्धा. भाडं 11,000 येईल असं दलाल म्हणतो. नाही म्हटलं तर मैत्री तुटेल का?

उत्तर: ताई, अशा मांडणीत हा व्यवहार करू नका. मैत्रिणीची नियत चांगलीच असेल. पण कर्ज एकीच्या डोक्यावर आणि मालकी दोघींची, यातच गोम आहे.

बँका सहसा दस्तावेजात नाव असलेल्या प्रत्येकाला सहकर्जदार करतात, आणि नात्यातल्या नसलेल्या दोघींना मिळून गृहकर्ज द्यायला बहुतेक तयार नसतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘घर तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, तिचं आपसात बघा.’ हे मुळीच ऐकू नका. पैसे तिचेही आणि नाव फक्त तुमचं, हा बेनामी व्यवहार ठरू शकतो. नवरा-बायकोला, मुलांना त्या कायद्यात सवलत आहे, मैत्रिणींना नाही. मालमत्ता जप्त होऊ शकते, तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

आता हिशेब. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता साधारण 17,350. भाड्यातून 1,500 मेंटेनन्स वजा केला तर 9,500 उरतात. म्हणजे दरमहा 7,850 पदरचे. वेरा (घरपट्टी), रंगकाम आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वेगळाच. बुटीकला मंदी आली की तिचे पैसे आधी उशिरा येतील, मग थांबतील. बँक तुम्हालाच धरेल आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) तुमचा बिघडेल.

एकत्र घ्यायचंच असेल तर कर्ज न काढता, 16 लाखांत खर्चासकट बसेल तेवढंच घर बघा. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के, नोंदणी फी 1 टक्का, पण खरेदीदार फक्त महिला असतील तर ती माफ. दस्तावेजात हिस्से टक्क्यांत लिहून घ्या. तिचं काही बरंवाईट झालं तर तिचा हिस्सा तुम्हाला नाही, तिच्या वारसांना जाईल. आणि हयातीतही ती तो परक्याला विकू शकते. म्हणून वकिलाकडून वेगळा करार करून नोंदवा: विकताना पहिला हक्क एकमेकींचा, किंमत दोन मूल्यांककांच्या आकड्यांची सरासरी, पैसे 90 दिवसांत. हिस्सा विकत घेताना पुन्हा मुद्रांक शुल्क लागतं, आणि भागात अशांत धारा (तणावाच्या भागांतल्या मालमत्ता-विक्रीवर बंधन घालणारा कायदा) लागू असेल तर घर घेताना आणि हिस्सा घेताना, दोन्ही वेळा कलेक्टरची परवानगी. भाडं दोघींच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत अशा खात्यात जमा करा.

तिला सांगताना ‘घरचे नको म्हणतात’ ही सबब नको. हप्त्याचा कागद समोर ठेवून सरळ विचारा: तीन महिने भाडेकरू मिळाला नाही, तर हप्ता आणि मेंटेनन्स मिळून तुझ्या वाटचे 28,000 तू कुठून काढशील?