मशीन लावलं, तरी पोरगी बोलत का नाही?

"सात महिने झाले कानाचं मशीन लावून. अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही." खुर्चीत टेकायच्या आधीच आईनं सांगून टाकलं. फलटणजवळच्या गावातून पहाटेच्या एसटीनं आलेली. सोबत सासूबाई आणि पावणेतीन वर्षांची मुलगी. बेरा तपासणीत (आवाज ऐकल्यावर कानाच्या नसेतून मेंदूकडे जाणारे संकेत त्यात मोजतात) दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष निघालेला.

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. एरवी मी सांगते, मुलीचं वय मशीन लावल्यापासून मोजा. ऐकणारं बाळही पहिला शब्द काढायच्या आधी वर्षभर नुसतं ऐकतच असतं. पण त्या दिवशी आधी मशीन कॉम्प्युटरला जोडलं. ते रोज सरासरी किती तास चालू होतं, याची नोंद त्यातच असते. निघाले अडीच तास.

आई गप्प. शेवटी सासूबाईच बोलल्या, "सारखी शिट्टी मारतंय ते. पोरगी ओढून काढती. एवढं महागाचं, हरवलं म्हंजी? शिकवायला बसली की लावतो, मग डब्यात ठेवते."

कान पाहिला. कान वाढला होता, मशीनचा कानात बसणारा साचा मात्र जुनाच. ढिल्या साच्यातून आवाज बाहेर निसटतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारतं. वाढत्या मुलांचा साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, हे या घराला कुणी सांगितलंच नव्हतं. मग आजीला काय बोलायचं? नव्या साच्याचं माप घेतलं, मशीनला दोरी लावून ती फ्रॉकला पिनेनं अडकवायला सांगितली.

वडिलांनी फोनवर विचारलं, "ऑपरेशनच करून टाकू का?" म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र. त्याला केंद्राच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून 5 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मदत मिळते, तेव्हा फार थांबूनही चालत नाही. पण डब्यातल्या मशीनवरून फायदा ठरवायचा कसा? आधी जागेपणी पूर्ण वेळ मशीन, मग पुन्हा तपासणी.

घरचा अभ्यास आजीला दिला. भाकरी थापताना पोरीला हातभर अंतरावर बसवायचं, टीव्ही बंद, आणि पीठ, पाणी, तवा, सगळ्याबद्दल बोलत राहायचं. रोज सकाळी शेजारी बसून, ओठ दिसू न देता आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचं. आवाज आला की तिनं वाटीत शेंगदाणा टाकायचा. "खुणा बंद करू का?" नको. खुणेनं मूल मुकं होत नाही, फक्त खुणेबरोबर शब्दही हवा.

दोन महिन्यांनी नोंद होती नऊ तासांची. आजी म्हणाल्या, "बोलली न्हाई अजून. पण मशीनची शिट्टी बंद झाली आन् कुकरची ऐकू यायला लागली. वाजली की कानाला बोट लावती."

शेंगदाण्याच्या खेळात 'स'ला मात्र वाटी रिकामीच राहत होती. सेटिंग बदलायला मी मशीन पुन्हा कॉम्प्युटरला जोडलं.