आल्प्समधल्या बिव्हिओसारख्या इवल्याशा गावात तीन-तीन भाषा कशा नांदतात? मुलांचा गोंधळ उडत नाही का?

नाही उडत. गोंधळ मोठ्यांचा उडतो. झुरिकला संसार असल्यामुळे तुमचा हा प्रश्न मी 'पोरीला जर्मन कधी येणार?' या रूपात पुष्कळ ऐकलाय. सगळ्यात जास्त माझ्या थोरल्या दिरांकडून.

ते आले होते तेव्हा त्यांना घेऊन सेंट मोरित्झला निघालो होतो. गाडीत त्यांचं एकच पालुपद: "घरात मराठी, बाहेर स्विस जर्मन, शाळेत पुस्तकी जर्मन. पोर धड काहीच शिकायची नाही. मराठी बंद करा." ज्युलियर खिंडीचा चढ लागायच्या आधी बिव्हिओला कॉफीसाठी थांबलो. मालकीणबाईंनी आमची ऑर्डर जर्मनमध्ये घेतली, आत ओरडून सांगितली ती ब्रेगाल्या खोऱ्याकडच्या इटालियन बोलीत, आणि खिडकीशी पत्ते पिसत बसलेल्या आजोबांना जाता जाता रोमान्शमध्ये, म्हणजे लॅटिनमधून आलेल्या इथल्या डोंगरी भाषेत, टोमणा हाणला. आजोबांनी मान वर न करता इटालियनमध्ये परतफेड केली. भाऊजी कौतुकानं म्हणाले, "बघ, इथे कसे सगळे एकच भाषा बोलतात!" माझी लेक टेबलाखाली तोंड लपवून हसत होती.

आता तुमचं 'कशा नांदतात'. गाव 1769 मीटरवर, वस्ती दोनेकशे. ज्युलियर आणि सेप्टिमर या दोन खिंडींच्या वाटा इथे फुटतात. सेप्टिमरपलीकडून ब्रेगाल्याचे लोक आले, ते इटालियन बोली आणि प्रोटेस्टंट पंथ घेऊन. खालच्या खोऱ्यातले रोमान्शवाले कॅथलिक. म्हणून एवढ्याशा गावात दोन्ही पंथांची वेगळी चर्च. माल आणि प्रवासी खिंडीपार नेण्यावर पोट, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची भाषा यायलाच हवी. 1903 मध्ये शेजारच्या आल्बुला खिंडीच्या मार्गावर रेल्वे सुरू झाली आणि ती वाहतूक तिकडे वळली. भाषा मागे राहिल्या, कारण सोयरिकी झाल्या होत्या. ज्या घरात आई एक बोलते नि आजी दुसरी, तिथे मूल दोन्ही उचलतं. त्याला क्लास लागत नाही.

पण फार हुरळून जाऊ नका. 2000 च्या जनगणनेतच तिथे निम्म्याहून जास्त लोकांची मुख्य भाषा जर्मन होती, आणि 2016 पासून गाव सुर्सेस नावाच्या मोठ्या ग्रामपंचायतीत विलीन झालंय. रोमान्शला 1938 पासून राष्ट्रभाषेचा मान आहे. तरी तिथल्या घरांत जर्मन शिरायची ती शिरलीच. म्हणजे मोठी भाषा शिकवण्यासाठी आईबापांनी जिवाचं रान करायची गरज नसते, ती दार ढकलून आत येते. सांभाळायची ती धाकटी.

तेव्हा तुमचं मूल लहान असेल तर घरात बिनधास्त मराठीत बोला, रागवायचं तेही मराठीतच. माझी लेक आता वर्गमैत्रिणींना जर्मनचं व्याकरण समजावते आणि आजीशी फोनवर मराठीत भांडते. भाऊजींच्या नातवाला पुण्यात राहून आजीच्या मोबाइलवरचा मराठी मेसेज वाचता येत नाही. भाऊजी हे उत्तर वाचतीलच, म्हणून मुद्दाम लिहिलं.