गायला-वाजवायला नोटेशन, म्हणजे लिहिलेले स्वर, वाचता यायलाच हवं का?

ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायन, शिकत असाल तर नाही. तालीम कानानेच होते. स्वर लिहिण्याच्या भातखंडे लिपीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढलेल्या) मध्यमावर उभी, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब. बंदिश विसरू नये म्हणून अशी लिहिलेली वही फार कामाची. पण दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, गंधार त्या रेघेत मावत नाही, तो गुरूंसमोर बसूनच गळ्यात उतरतो.

वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचं असेल तर मात्र शिकाच, आणि लवकर शिका. मुंबईच्या सिनेसंगीताच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांना याच विद्येने काम दिलं. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेली ही माणसं. संगीतकार शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर (वाद्यांची मांडणी करणारे) प्रत्येक वाद्याचा भाग पाच रेघांवर लिहून द्यायचे. कागद स्टँडवर आला की सगळी व्हायोलिनं एकदम वाजायची.