जवळ गेलं की प्राणी पळून जातात, मग त्यांचे चांगले फोटो कसे काढायचे?

जवळ जाऊच नका, प्राण्यालाच तुमच्याकडे येऊ द्या. पाणवठा, फळांनी लगडलेलं झाड किंवा रोजची पायवाट हेरा आणि उजाडण्याआधीच जाऊन बसा. वारा प्राण्याकडून तुमच्याकडे येत असावा. सस्तन प्राण्यांना आपण दिसण्याआधीच आपला वास लागतो, आणि महागडी लेन्स घेणारे नेमकं हेच विसरतात. पहिला अर्धा-पाऊण तास बहुधा काहीच घडत नाही. पाय आखडतात, डास फोडून काढतात. मग पाखरं पुन्हा नेहमीसारखी बोलू लागली की समजा, त्यांना तुमची सवय झाली.

कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, फोकसही डोळ्यावरच. उडत्या पक्ष्याला शटर (म्हणजे फोटो टिपताना कॅमेऱ्यात प्रकाश येण्याचा वेळ) १/२००० सेकंदाच्या आसपास लागतं, शांत बसलेल्याला १/२५० सुद्धा चालतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. आवाज न करणारं शटर असेल तर तेच वापरा.

चरता चरता मान वर करून प्राणी तुमच्याकडे टक लावून पाहू लागला, की जागीच थांबा. तरीही अस्वस्थ वाटला तर हळूच मागे सरका. आणि घरट्याचे फोटो? मी तर काढतच नाही. आपल्या वावराने पक्षी अंडी सोडून जाऊ शकतात.