वरच्या घरात पाइपगॅसचा वास येतो, मग गळती कोणाकडे?

आपण विचारले आहे की, स्वयंपाकघरात रात्री उशिरा आणि पहाटे गॅसचा मंद वास येतो, दिवसा येत नाही, शेगडी आणि नळी दोन्ही नवीन आहेत, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी ‘वास तुमच्याकडे, म्हणजे गळतीही तुमचीच’ असे सांगून मोकळे होतात. तेव्हा सोसायटीच्या प्लंबरला बोलवावे की कंपनीला? कंपनीला. गॅसच्या पाइपला हात लावणे हे प्लंबरचे काम नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. तातडीच्या सेवेचा क्रमांक गॅसच्या बिलावर छापलेला असतो. १९०६ हा क्रमांक सिलिंडरच्या गळतीसाठी आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

शेजाऱ्यांच्या वाक्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तेच वाक्य मी माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून शब्दशः ऐकले आहे.

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत दीर आणि जाऊबाई बरोबर आमच्या खालच्या घरात राहतात. त्यांनी हौसेने स्वयंपाकघर नव्याने करून घेतले, आणि ते करणाऱ्या कंत्राटदाराने गॅसचा पाइप व व्हॉल्व्ह ‘दिसायला नको’ म्हणून ट्रॉल्यांच्या मागे झाकून टाकला. व्हॉल्व्ह बंद करायचा तर आधी भांड्यांची ट्रॉली रिकामी करून बाहेर काढावी लागे. साहजिकच तो कोणी कधी बंद केला नाही, रात्री केवळ शेगडीचे बटण फिरवले जाई आणि नळीत गॅस राही. त्यानंतर काही दिवसांतच आमच्याकडे वास येऊ लागला. मी भाऊजींना सांगितले तेव्हा त्यांनी प्रथम तुमच्या शेजाऱ्यांचे वाक्य ऐकवले, आणि पुढे असेही सांगितले की पाइपगॅसचा दाब इतका कमी असतो की त्याने काही होत नाही.

दाब कमी असतो हे खरेच आहे. घरात गॅस सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो, म्हणजे शिट्टी होताना कुकरमध्ये वाफेचा जो दाब असतो त्याच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका, आणि म्हणूनच लहान गळतीचा सूं असा आवाज ऐकू येत नाही. परंतु हवेत या गॅसचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान पोहोचले की तो पेट घेऊ शकतो, आणि ओट्याखालच्या बंद कपाटासारख्या कोंदट जागेत ते प्रमाण गाठायला मोठ्या दाबाची गरज नसते. राहिला प्रश्न वास कोठे येतो याचा. आमच्या पिढीची समजूत सिलिंडरवर घडलेली आहे. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. जेथे गळती, तेथेच वास. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, आणि तो हवेपेक्षा बराच हलका असतो. तो वर चढतो, स्लॅबमधून पाइप जातो तेथील फटीतून किंवा डक्टमधून निघतो आणि वरच्या घरात जाऊन वास देतो. भाऊजी अभियंता आहेत, तरीही हे मी त्यांना पटवू शकले नाही.

पुढे एका संकष्टीच्या संध्याकाळी आमच्या ओट्यापाशी वास एकदम वाढला. मी आमचा व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या, कोणत्याही विजेच्या बटणाला हात लावला नाही, आणि जिन्याने खाली जाऊन बेल न वाजवता दार ठोठावले. जाऊबाईंनी मोदक वळून ठेवले होते, उकडायचे तेवढे बाकी होते, आणि लायटर त्यांच्या हातात होता. तो मी काढून घेतला. भाऊजी दिवा लावायला गेले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. थोरल्या दिरांचा हात धरणारी सून म्हणून त्या प्रसंगाची आमच्या घराण्यात आजही आठवण काढली जाते. त्यामागचे कारण मात्र सांगितले जात नाही. सर्वांना खाली उतरवून मी इमारतीबाहेरून कंपनीला दूरध्वनी केला. कंपनीच्या माणसाने ट्रॉली बाहेर काढली, तेव्हा तिच्या मागच्या कडेने घासून घासून रबरी नळीला चीर पडलेली दिसली.

भाऊजींचे म्हणणे असे की, त्यांना घरात वास आलाच नव्हता. हे मी मान्य करते, कारण गॅसमध्ये वासासाठी मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याची नाकाला लवकर सवय होते आणि आत बसलेल्या माणसाला तो जाणवेनासा होतो. म्हणूनच बाहेरून आलेल्या माणसाच्या नाकावर विश्वास ठेवावा, मग ती धाकटी भावजय असली तरी.

आता आपल्याकडचे. शेगडीची सर्व बटणे बंद करून गॅसच्या मीटरवरचे आकडे, विशेषतः शेवटचे लाल आकडे, लिहून ठेवा आणि अर्धा तास गॅस न वापरता पुन्हा पाहा. आकडे पुढे सरकले असतील, तर गळती तुमच्याकडेच, मीटरनंतरच्या भागात आहे; शेजाऱ्यांशी वाद घालू नका. सरकले नसतील, तर खालच्या घरातही हेच करायला सांगा. वास रात्री-पहाटेच येतो याचे कारण बहुधा इतकेच की त्या वेळी खिडक्या बंद असतात. बाथरूमजवळ वास अधिक येत असेल, तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भोकात, तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी ओतल्यावर वास गेला, तर तो ड्रेनेजचा होता. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहता येतात. काडी पेटवून गळती शोधणारे लोक ठाण्यात अजूनही आहेत, आणि त्यांच्याविषयी सभ्य भाषेत लिहिणे मला शक्य नाही.

स्वयंपाकघर नव्याने करून देणाऱ्यांना पहिल्या दिवशीच लेखी सांगा की व्हॉल्व्ह काहीही न हलवता हाताला लागला पाहिजे, नळी उघडी दिसली पाहिजे, आणि पाइप सरकवायचा असेल तर ते काम फक्त कंपनीच करील. याला ‘लूक’ बिघडतो असे उत्तर मिळाले, तर माणूस बदला.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मीटर न सरकणे हा पूर्ण पुरावा नाही, कारण गळती मीटरच्या आधीच्या जोडावर असेल तर ती आकड्यांत दिसणार नाही, आणि अगदी बारीक गळती अर्ध्या तासात कळेलच असे नाही. दुसरे म्हणजे, ही सारी तपासणी मंद वासासाठी आहे. वास तीव्र असेल तर मीटर पाहत थांबू नका, व्हॉल्व्ह बंद करून लिफ्ट न वापरता बाहेर पडा आणि तेथून दूरध्वनी करा. तळमजल्यावरचा मुख्य व्हॉल्व्ह कोणी बंद केला असेल, तर तो सोसायटीने परस्पर उघडू नये, कारण एखाद्या घरी शेगडीचे बटण उघडे राहिलेले असेल तर पुरवठा परत येताच तेथे न जळलेला गॅस भरू लागेल. ही शेवटची सूचना भाऊजींची आहे, आणि ती बरोबर आहे.